नक्षीचा स्वेटर आवळतोय? उसवायला घेण्याआधी हे तपासा

दिवाळी झाली की आमच्या धुळे-अमळनेरकडे लोकरीच्या दुकानांत गर्दी होते आणि डिसेंबर अर्धा सरला की माझ्याकडे पिशव्या यायला लागतात. पिशवीत जवळपास पूर्ण झालेला दोन रंगांचा स्वेटर असतो. तो बहुतेक वेळा कुणा मैत्रिणीसाठी विणलेला, नक्षीही स्वतःच काढलेली. तक्रार ठरलेली: साधा भाग मापात आहे, नक्षीचा पट्टा मात्र आवळतोय. "हाऊ स्वेटर गयाले आवळस, माय!" आणि लगेच पुढचा प्रश्न, सगळं उसवू का?

नका उसवू. आधी कारण शोधा. निम्म्याहून जास्त स्वेटर न उसवता किंवा थोडंच उसवून सुधारतात. कारण न कळता उसवलं तर दुसऱ्यांदाही तसाच आवळलेला पट्टा तयार होतो.

इथे मी फक्त एका प्रकारच्या नक्षीबद्दल लिहितेय. एका ओळीत दोन रंग चालतात, एक रंग विणला जातो तेव्हा दुसरा मागून आडवा जातो. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांमधल्या फेअर आयलची वीण याच जातीची. पट्ट्यापट्ट्यांचे स्वेटर किंवा वर सुईने भरलेली नक्षी यांचं दुखणं वेगळं असतं.

लक्षणं

स्वेटर पलंगावर सपाट पसरा आणि नीट बघा. पुढच्यापैकी काय दिसतं?

– नक्षीच्या जागी स्वेटरला कंबर आल्यासारखी दिसते, वरचा-खालचा साधा भाग रुंद आणि मधला अरुंद.

– पट्ट्यावर चुण्या पडल्यात, हाताने सपाट केल्या तरी परत येतात. नक्षीचे टाके आत बुडालेत आणि जमिनीच्या, म्हणजे नक्षीमागच्या मोकळ्या भागाच्या, रंगाचे टाके फुगलेत.

– बाकी पट्टा ठीक, पण एखादीच ओळ दोरी बांधल्यासारखी घट्ट.

– एकाआड एक ओळ घट्ट-सैल, त्यामुळे नक्षीवर आडव्या रेघा दिसतात.

– अंगात जातो, पण डोकं गळ्यातून जात नाही.

– आवळत नाही, उलट बाहीत हात घालताना बोटं आतल्या धाग्यांत अडकतात.

– मापात आहे, पण नक्षी पुसट. लांबून दिसतच नाही.

आवळण्याची पहिली चार लक्षणं मुळात एकच आहेत. टाका म्हणजे फास, तो ताणला की रुंद होतो. मागून जाणारा धागा मात्र सरळ असतो, त्यात ताणायला काहीच नसतं. त्यामुळे पट्ट्याची रुंदी पुढचे टाके ठरवत नाहीत, मागचे धागे ठरवतात. टाके कितीही सैल विणा, मागचा धागा तोकडा पडला की पट्टा तेवढाच राहणार. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी पुढूनच बघत असतात. आता आपण स्वेटर उलटा करणार आहोत, पण त्याआधी दोन बिनखर्चाच्या गोष्टी आहेत.

मेजटेप

साध्या भागावर १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा, मग नक्षीच्या पट्ट्यावर मोजा. कपडा ताणू नका. कडेला मोजू नका, मधोमध मोजा, कारण कडेचे टाके कधीच खरं सांगत नाहीत.

समजा साध्या भागात २२ टाके आले आणि नक्षीत २५. तीन टाक्यांचा तर फरक, असं वाटतं. पण स्वेटरच्या घेरात २२० टाके असतील तर साध्या भागात घेर १०० सेंटिमीटर होतो आणि त्याच २२० टाक्यांचा नक्षीत ८८ होतो. मैत्रिणीची छाती ९२ असेल तर खालचा भाग मोकळा बसेल आणि नक्षी छातीवर आली की अडकेल. तिचं वजन वाढलेलं नाही, तिला काही बोलू नका.

फरक एका टाक्याचा असेल तर धुऊन भागेल. दोनपेक्षा जास्त असेल तर पुढची तपासणी टळत नाही.

डोकं जात नसेल तर आधी गळ्याची शेवटची ओळ बघा. टाके बंद करताना हात आपोआप घट्ट होतो, आणि नक्षीवर खापर फुटतं. गळ्याची कड दोन्ही हातांनी ताणा. कड कडक आणि खालचा भाग ताणला जाणारा असेल तर दोष कडेचा आहे. तेवढी एक ओळ उसवा आणि दोन नंबर जाड सुईने टाके पुन्हा बंद करा. तासाभराचं काम.

धुणं

नुकताच सुयांवरून उतरलेला नक्षीचा स्वेटर चुणलेला दिसतोच. लोकर भिजली की टाके आपापल्या जागी बसतात, म्हणून हा उपाय उसवण्याच्या कितीतरी आधी. पण तो लागू पडतो खऱ्या लोकरीला. आपल्याकडे बाजारात लोकर म्हणून जे मिळतं त्यात पुष्कळदा ॲक्रिलिक असतं. लेबल वाचा. लेबल हरवलं असेल तर वीतभर धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवा. केस जळाल्याचा वास आला आणि बोटांत चुरडणारी राख राहिली तर लोकर. धागा वितळून टोकाला कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. मिश्र धाग्यात दोन्ही थोडं थोडं दिसतं.

लोकर असेल तर कोमट पाण्यात वीस मिनिटं बुडवून ठेवा, चोळू नका. पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सपाट जागी मापाला ओढून पसरा. पट्टा दोन्ही बाजूंनी सारखा ओढून कडेला न गंजणाऱ्या टाचण्या लावा. दोरीवर वाळत घातला तर पाण्याच्या वजनाने लांब होतो आणि रुंदी आणखी जाते. आपल्याकडची हिवाळ्यातली हवा कोरडी, सावलीतसुद्धा लवकर वाळतो. उन्हात टाकायची गरज नाही.

ॲक्रिलिक पाण्याला फारशी दाद देत नाही. त्याला वाफ लागते, आणि इथेच सांभाळायचं. इस्त्री कपड्याला टेकवायची नाही. वर ओला सुती कपडा, इस्त्री बोटभर अधांतरी, आणि थोडी थोडी वाफ. जास्त वाफ बसली की ॲक्रिलिक लुळं पडतं, त्यातला ताण निघून जातो आणि तो परत येत नाही. आधी नमुन्याच्या तुकड्यावर, म्हणजे स्वेटरआधी मापासाठी विणलेल्या छोट्या तुकड्यावर, करून बघा. नमुनाच विणला नसेल तर वाफेच्या वाटेला जाऊ नका.

गडद रंग पांढऱ्याशेजारी असेल, लाल किंवा मरून तर नक्कीच, तर बुडवण्याआधी त्या रंगाचा धागा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवा. रंग उतरला तर पूर्ण स्वेटर भिजवू नका. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो म्हणतात, त्यावर मी विसंबत नाही.

स्वेटर उलटा करा

आता खिडकीच्या उजेडात उलटा धरा आणि पट्टा हळूच रुंदीला ताणा. मागचे धागे तीन प्रकारचे दिसतील. टाक्यांच्या पाठीला चिकटून सपाट बसलेला धागा बरोबर. तारेसारखा ताठ, दोन्हीकडचे टाके जवळ ओढणारा धागा घट्ट. लोंबणारा, बोट सहज जाईल असा धागा सैल.

सगळी पाठ तारेसारखी असेल तर पुढच्या भागाकडे चला. एखाददुसरीच ओळ घट्ट असेल तर उसवू नका. क्रोशाच्या सुईने शेजारच्या टाक्यांतून थोडा थोडा धागा त्या बाजूला सरकवा. एका टाक्यातून सगळा ओढू नका, आठ-दहा टाक्यांत वाटून घ्या, नाहीतर पुढे एक टाका खोल जाऊन छिद्र दिसतं.

सैल धाग्यांना औषध सोपं आहे. त्याच रंगाचा धागा बोथट सुईत ओवून लोंबणारे धागे मागच्या टाक्यांच्या पाठीला हलके टाचा. फक्त पाठीला. सुई पुढे आली की नक्षीवर ठिपका उमटतो. मनगटाजवळ हे करायलाच हवं, नाहीतर मैत्रीण घाईत बाही घालेल, अंगठीत धागा अडकेल आणि एका झटक्यात अर्धी ओळ गोळा होईल.

हात

सगळीच पाठ घट्ट असेल तर रंग बदलण्याची सवय तपासा. पाच टाके निळे विणून झाले, आता पांढरा घ्यायचाय. त्या क्षणी उजव्या सुईवरचे ते पाच टाके एकमेकांत दाटून बसलेले असतात. तसाच पांढरा ओढला तर तो दाटलेल्या पाच टाक्यांच्या मापाचा होतो. सुईवरून उतरल्यावर टाके पसरू बघतात, धागा पसरू देत नाही. म्हणून दर बदलाआधी उजव्या सुईवरचे टाके बोटाने पसरून घ्या, मग नवीन रंगाचा पहिला टाका विणा. तो विणल्यावर धागा ओढून घट्ट करण्याचा मोह होतो. नका करू. टाका सैल दिसला तर दिसू द्या, पुढच्या ओळीत तो बसतो.

गोल सुईवर (मधे वायरने जोडलेली दोन टोकांची सुई) किंवा चार सुयांवर बाही विणत असाल तर एक युक्ती आहे. विणलेली नळी उलटी करा, म्हणजे सुलट बाजू आत आणि धाग्यांची बाजू बाहेर, आणि तुम्ही पलीकडच्या काठावर सुलटच विणत राहा. बाहेरून जाणाऱ्या धाग्याला जरा लांबचा रस्ता पडतो, म्हणून तो आपोआप मोकळा राहतो. घट्ट हाताच्या बायकांना मी सगळ्यात आधी हेच सांगते.

एकाआड एक ओळ घट्ट दिसत असेल तर तुम्ही दोन सरळ सुयांवर विणताय आणि उलट सुईला तुमचा हात बदलतोय. आपल्याकडे बहुतेक जणी असंच शिकल्या, आईने किंवा आत्याने दोन सुया हातात दिल्या आणि झालं. साध्या विणीत तो फरक लपतो, दोन रंगांत उघडा पडतो. फेअर आयलकडच्या विणकर गोल विणतात, सुलट बाजू कायम समोर ठेवून, आणि उलट सुईची कटकटच ठेवत नाहीत. गोल सुई मागवून घ्या. ती मिळेपर्यंत उलट ओळीला एक नंबर वेगळी सुई वापरून बघा: उलट ओळ घट्ट येत असेल तर उजव्या हातात जाड, सैल येत असेल तर बारीक.

सुईचा नंबर

आपल्या दुकानांत अजून जुने नंबर चालतात, आणि नंबर वाढला की सुई बारीक होते हे लक्षात ठेवा. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, ७ म्हणजे साडेचार, ६ म्हणजे ५, आणि १० म्हणजे सव्वातीन. साधा भाग ८ नंबरवर विणला असेल तर नक्षीचा पट्टा ७ वर घ्या, हात फार घट्ट असेल तर ६ वर. पट्टा संपला की परत ८. बॉर्डर १० वर.

सुई बदलणं हा शेवटचा उपाय समजून बायका तो टाळतात. मला तो पहिल्या नमुन्यातच ठरवावासा वाटतो. नमुना मात्र स्वेटरसारखाच विणा: स्वेटर गोल विणणार असाल तर नमुनाही गोल. छोटा नमुना गोल विणणं जिकिरीचं वाटत असेल तर गोल सुईवर एक ओळ सुलट विणून टाके न वळवता सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवा, दोन्ही धागे मागून ढिले आणा आणि परत सुलट विणा. शेवटी मागचे धागे मधोमध कापले की तुकडा सपाट होतो. तो धुवा, वाळवा, आणि मगच टाके मोजा.

नक्षी पुसट दिसत असेल

दोन शक्यता. पहिली रंगांची. दोन्ही गुंडे शेजारी ठेवून मोबाइलवर फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करा. दोन्ही एकच राखाडी दिसले तर रंग कितीही वेगळे असोत, नक्षी उठणार नाही. मरून आणि गडद हिरवा ही जोडी हमखास फसते.

दुसरी शक्यता धाग्यांच्या जागेची. मागे जो धागा खालून जातो त्याचे टाके किंचित मोठे येतात आणि पुढे उठून दिसतात. वरून जाणाऱ्याचे मागे हटतात. म्हणून नक्षीचा रंग कायम खालून, जमिनीचा कायम वरून. चहाला उठून परत बसल्यावर धागे हातात उलटे घेतले गेले तर नक्षी मधेच बदलल्यासारखी दिसते. हे धुऊन जात नाही. फरक फार डोळ्यांत येत असेल तर तेवढ्या टाक्यांवर त्याच रंगाने सुईने दुसरा टाका भरा.

आलेख, म्हणजे खरा गुन्हेगार

मैत्रिणीसाठी स्वतः काढलेल्या नक्षीत दोष पुष्कळदा कागदावरच असतो. भुसावळच्या रेल्वेत रात्रपाळी करणाऱ्या मैत्रिणीसाठी मी आलेख, म्हणजे चौकटीच्या कागदावर नक्षीचं चित्र, काढला तेव्हा वर सातपुड्याची शिखरं आणि खाली कपाशीची बोंडं घेतली होती. शिखरं विणायला सोपी, कारण तिरक्या रेघेत रंग सारखा बदलत राहतो. बोंडं अवघड. दोन बोंडांमध्ये मोकळी जमीन छान दिसते, पण ती दहा टाक्यांची असेल तर पांढरा धागा मागून साडेचार सेंटिमीटर लोंबत जाणार. घट्ट ओढला तर आवळणार, सैल सोडला तर बोटं अडकणार.

एका वेळी पाच टाके, म्हणजे साधारण सव्वादोन सेंटिमीटर, इतकाच मागचा प्रवास ठेवा. आलेखात कुठेही सलग पाचपेक्षा जास्त चौकटी एकाच रंगाच्या दिसल्या तर मधे दुसऱ्या रंगाचा एक टाका टाका, तिळासारखा. मोकळी जमीन तिळांनी भरली की बोंडांचा पट्टा उलट जास्त देखणा दिसतो. तीळ नको असेल तर मागचा धागा मधे विणत्या धाग्याखाली अडकवून घ्या, पण दर ओळीत त्याच टाक्यावर नाही, नाहीतर पुढून उभी रेघ दिसते. एका ओळीत तिसरा रंग हवाच असेल, बोंडाखालचा हिरवा देठ वगैरे, तर तो विणू नका, नंतर सुईने वर भरा.

आणखी एक. साध्या चौकटीच्या वहीवर काढलेला डोंगर विणल्यावर बसका होतो, कारण टाका रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असतो. साध्या विणीत १० सेंटिमीटरला २२ टाके असतील तर ओळी ३० च्या आसपास बसतात. दोन रंगांत टाका चौरसाच्या जवळ येतो, तरी नमुना मोजूनच डोंगराची उंची ठरवा.

नक्षी अंगभर घेऊ नका, हे माझं मत. दोन धाग्यांचं कापड दुप्पट जाड होतं. आपल्याकडे जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो आणि दुपारी अंगावर स्वेटर नको होतो. छातीवर एक पट्टा आणि बाहीला एक अरुंद पट्टा पुरे. दोषही तेवढ्याच जागेत राहतात.

कळी, आणि मग उसवणं

पुढची-मागची बाजू वेगळी विणून शिवली असेल आणि पट्टा सगळीकडे सारखाच अरुंद असेल तर उसवण्याआधी कळीचा विचार करा. काखेखालच्या शिवणी उघडा, जमिनीच्या रंगात चार-चार सेंटिमीटर रुंद दोन पट्ट्या विणा आणि दोन्ही बाजूंना शिवून टाका. ८८ चा घेर ९६ होतो. हात खाली असले की दिसतही नाही. मात्र चुण्या कळीने जात नाहीत, फक्त माप वाढतं.

चुण्याही असतील तर पट्टा उसवावा लागेल. नक्षी सुरू होण्याआधीच्या साध्या ओळीतल्या प्रत्येक टाक्यातून सुईने बारीक सुती दोरा ओवून ठेवा, म्हणजे उसवताना तिथे थांबता येतं. वरून खाली, दोन्ही रंग बरोबर गुंडाळत या. उसवलेली लोकर कुरळी असते, तिची लडी करून धुवा आणि वाळवा, मगच विणा. कुरळ्या धाग्याने टाके वेडेवाकडे येतात आणि तुम्हाला वाटतं हात बिघडला. धागा कमी पडला तर त्याच लॉटचा मागवा, लेबलवर नंबर असतो. दुसऱ्या लॉटचा रंग दुकानात सारखा वाटतो आणि घरी उन्हात फसवतो.

दुसऱ्यांदा विणताना पट्ट्याच्या आठ-दहा ओळी झाल्या की मैत्रिणीला बोलवून अंगाला लावून बघा. तिला सरप्राइज द्यायचं राहून जाईल, जाऊ द्या.

इथे थांबा

मागचा धागा तुटला असेल आणि टाके खाली घसरायला लागले असतील तर ओढाताण करू नका. सुटलेल्या टाक्यांत सेफ्टी पिन अडकवा आणि रफूगाराकडे न्या. कसरीने खाल्लेली छिद्रंही त्याच्याकडेच.

पुढून कापून बटणांचा स्वेटर करायचा असेल आणि धागा ॲक्रिलिक असेल तर घरी कात्री लावू नका. शेटलंडकडे विणलेला स्वेटर कापतात खरा, पण त्यांची लोकर केसाळ, एकमेकींना धरून राहणारी. ॲक्रिलिक गुळगुळीत, टाके लगेच सुटतात. कापायच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना मशीनची दुहेरी शिलाई आधी हवी, आणि ती विणलेलं कापड न ताणता मारणारा शिंपी हवा. त्याला आधी नमुन्याचा तुकडा द्या.

रंग पांढऱ्यावर उतरला असेल तर वाळू न देता गार पाण्यात खळबळा. तरी राहिला तर घरी ब्लीच वापरू नका, लोकर ब्लीचमध्ये विरते. ड्रायक्लीनवाल्याला दाखवा.

वॉशिंग मशीनमध्ये गरम पाण्यात फिरून लोकर आटली आणि नमद्यासारखी घट्ट झाली असेल, किंवा ॲक्रिलिक वाफेने लुळं पडलं असेल, तर कुणालाच पैसे देऊ नका. ते परत येत नाही. पट्टा कापून उशीचा अभ्रा होतो, तेवढंच.

आणि दोन वेळा सुई बदलून, आलेख सुधारूनही पट्टा आवळतच असेल तर शेजारी बसून तुमचा हात बघेल अशी जुनी विणकरीण गाठा, किंवा तेवढा पट्टा मशीनवर विणून देणाऱ्याकडे द्या. जाताना स्वेटरबरोबर उरलेली लोकर, लेबल, आलेखाचा कागद आणि धुतलेला नमुना न्या. सुयांचे नंबर कागदावर लिहा, साध्या भागाचा वेगळा आणि पट्ट्याचा वेगळा. मजुरी आधी विचारून घ्या.